कलकत्त्याचं बजेट, माणसं चार

कलकत्ता हा शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिला, तितक्या वेळा कलकत्त्यात जन्मलेल्या माणसानेही लिहिला नसेल. लासलगावला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहायला होते. लिलाव झाला की माल खळ्यावर यायचा, बायका कांदा निवडायच्या, गोण्या भरल्या जायच्या, आणि मग कुठली गाडी कुठे, गोण्या किती, वजन किती, हे सगळं लिहायला मी. पाटणा, गुवाहाटी, कलकत्ता. सगळ्यांत जास्त कलकत्ता. मालगाडी भरायची असली की दुपारी डबा उघडायलाही फुरसत नसायची. हमालांचा मुकादम खिडकीतून डोकं आत घालून ओरडायचा, "बाई, लिव्हा बिगीबिगी! गाडी लय वेळ थांबायची नाय!" मी बिगीबिगी लिहायचे. एवढा कांदा मी त्या गावाला पाठवला आणि स्वतः त्या दिशेला मनमाडच्या पुढे कधी गेले नाही.

हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलण्यासारखं त्यात काय होतं? नवरा लवकर गेला, मुलाचं शिक्षण, मग इंदिरानगरातल्या या दोन खोल्या. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तिथेच त्याने संसार मांडला. मी नाशकात राहिले, कारण पुण्यात माझं काय काम? शिवाय माझा स्वभाव तिखट. दोन घरं दोन गावांत असली की सगळेच एकमेकांशी गोड वागतात.

गेल्या वर्षी दसऱ्याला मुलगा, सून आणि नात आले होते. जेवणं झाल्यावर नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं असं बोलणं निघालं. सुनेने सहज विचारलं, "आई, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयारच असल्यासारखं तोंडातून निघालं. कलकत्ता.

"कोलकाता म्हण गं आजी," नात म्हणाली. ती चौथीत आहे आणि तिला सगळं येतं.

मुलगा हसला. "तिथे काय आहे तुझं?"

"माझा कांदा गेलाय तिथे," मी म्हटलं. "कुठे उतरतो तो बाजार बघायचाय एकदा. पूलही बघायचाय. बाकी तुम्ही दाखवाल ते."

त्याला ते आवडलं असावं. मांडीवर थाप मारून म्हणाला, "चला मग, ठरलं! पण लाखाच्या आत बसलं पाहिजे, हं. अगदी धर्मशाळा नको आणि पंचतारांकितही नको, मधलं. आई, बजेट तू कर. जन्मभर लोकांचे हिशेब केलेस, आता घरचा कर." मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांना परत श्रीखंड वाढलं.

ते गेल्यावर मी बसले. बजेटाची पहिली ओळ नेहमी एकच असते. माणसं किती. मी लिहिलं, माणसं चार. मग विमान, हॉटेल, गाडी, खाणं, तिकिटं, वरखर्च. आणि शेवटी आमच्या धंद्यातली सवय म्हणून एक ओळ घातली, तूट. कांदा इथून निघतो तेवढा तिथे पोचत नाही. वाटेत सुकतो, काही सडतो, वजन घटतं. शहाणा माणूस ती घट आधीच धरून चालतो. कागदाचा फोटो पाठवला तर मुलाचा फोन आला, "आई, तूट म्हणजे काय? पैसे काय सडतात का?" सडतात बाबा, मी म्हटलं. सहलीत तर कांद्यापेक्षा लवकर सडतात.

मग मी बूट घेतले. पांढरे, जाड तळाचे, चालायचे. साडीखाली ते कसे दिसतात हे मला सांगायला नको होतं, पण शेजारणीने सांगितलंच. "काय हो, शर्यतीत उतरताय की काय?" मी म्हटलं, हो, उतरतेय. रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले. म्हातारं माणूस बरोबर घेतलं की तरुणांचा अर्धा जीव त्याच्या पायांकडे लागलेला असतो. मला कुणी मागे वळून "आई, दमलीस का?" असं विचारायला नको होतं. पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आले, नंतर पाय तयार झाले.

विमानाचे दर मी रोज सकाळी मोबाईलवर बघत होते, पूर्वी कांद्याचे भाव बघायचे तसे. पहिल्याच आठवड्यात दर चढायला लागले. मुलगा म्हणाला, तिकिटं काढून टाकू का? आणि इथे माझी अक्कल आडवी आली. आमच्याकडे दिवाळीत बाजार समिती बंद असते. त्याआधी भाव कसेही नाचतात, पण दिवाळी होऊन बाजार उघडला की ट्रॅक्टरची रांग लागते, नवा लाल कांदा येतो, आवक वाढते आणि भाव खाली बसतो. हे मी वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मी म्हटलं, थांब. हा दिवाळीच्या गर्दीचा भाव आहे. दिवाळी सरू दे, उतरेल.

"थांबला तो संपला, आई," तो म्हणाला खरा, पण थांबला. त्याचा बोनस यायचा होता, त्यामुळे थांबणं त्यालाही सोयीचंच होतं. ते त्याने पुढे कधी आठवून पाहिलं नाही.

दिवाळी सरली. दर उतरले नाहीत, दीडपट झाले. विमानात खुर्च्या आहेत तेवढ्याच असतात, लाल खुर्च्यांची नवी आवक येत नाही, हे मला कोण सांगणार? हॉटेलांचंही तेच. नाताळात कलकत्त्यात म्हणे मुंगीला शिरायला जागा नसते. मधलं हॉटेल म्हणून मी जे धरलं होतं त्याचा भाव आता पंचतारांकितच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. आणि मग सुरू झाली कापाकापी.

मी म्हटलं, रेल्वेने जाऊ. नाशिकरोडहून हावड्याच्या गाड्या आहेत, डब्यात चौघं मजेत जाऊ, मी दशम्या आणि चटणी करून घेते. खरं सांगायचं तर मला ती गाडी हवीच होती. ती लासलगाववरून जाते. थांबत नाही, पण खिडकीतून स्टेशन दिसतं, गोण्या रचलेल्या दिसतात. सून म्हणाली, "आई, दीड दिवस जायला आणि दीड दिवस यायला? यांना सुट्टी किती आहे?" बरोबर होतं. तिचं बोलणं नेहमी बरोबर असतं आणि गोडही असतं, त्यामुळे भांडायला हातात काही लागत नाही.

मी म्हटलं, गावाबाहेरचं हॉटेल घेऊ. तर येण्याजाण्यात वेळ जातो. बरं, दिवसभराची गाडी नको, बसने हिंडू. तर मुलीला बस लागते. एक मुक्काम कमी करू. तर एवढं लांब जाऊन काय उपयोग? एकेक ओळ मी पुढे करायची आणि तिकडून ती जशीच्या तशी परत यायची.

हॉटेलचं तर एक निराळंच त्रांगडं होतं. एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एक मूल चालतं. चौथ्यासाठी जादा गादी मिळते, पण ती इतर वेळी. सीझनमध्ये देत नाहीत, मी स्वतः चार ठिकाणी फोन करून विचारलं. माझ्या हिंदीला तिकडच्या मुलाने तितक्याच मोडक्या हिंदीत उत्तर दिलं, "मॅडम, पीक सीझन है, सेकंड रूम लेना पडेगा." म्हणजे एकट्या माझ्यासाठी आख्खी खोली. चौघांना सामान घेऊन छोटी गाडी पुरत नाही, म्हणजे मोठी गाडीही माझ्यासाठीच. विमानाचं तिकीट तर होतंच. मी बेरीज करून पाहिली तर त्या सगळ्या सहलीत सगळ्यांत महाग माणूस मी होते. जिची हौस, तीच महाग. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनी हौस कधी लिहून बेरीज केलेली नसते.

म्हणून मी मुलाला फोन केला. म्हटलं, माझ्या वाटचे मी भरते. बँकेत ठेव आहे, ती मोडते. नाहीतरी ती कशासाठी ठेवलीय?

"काय बोलतेस आई!" तो खरोखर दुखावला. "तुझ्याकडून पैसे घेऊ? लोक काय म्हणतील? पोराने आईला फिरायला नेलं आणि भाडं वसूल केलं?"

"बरं, मग मी एकटी रेल्वेने येते. तुम्ही विमानाने या. हावड्याला भेटू."

"आणि लोकांना काय सांगू? आम्ही विमानात आणि आई रेल्वेत?"

हे लोक कोण, कुठे राहतात, मला माहीत नाही. आमच्या घरात त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण माझे पैसे घेतले असते तर ते बोलणार होते, मी रेल्वेने गेले असते तरी बोलणार होते. पुढे मला घरी ठेवून हे तिघं गेले, तेव्हा मात्र लोक एका शब्दाने काही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी दोघांनी मिळून फोन केला. स्पीकरवर टाकला होता, मागे नातीचं कार्टून चालू होतं. सून म्हणाली, "आई, तुमचा कागद बघितला. छानच केलंय हं. फक्त अजून थोडंसं कुठे कमी करता येईल का? लाखाच्या बरंच वर जातंय."

"कशात करू?" मी विचारलं.

"ते तुम्हीच बघा ना. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

मुलाने नुसता घसा साफ केला.

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. व्यापाऱ्याच्या गादीसमोर बसून तासभर पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि उठताना हळूच उचल मागतात. पण माझ्याच पोराच्या घरातून भांडं असं लपवलं जाईल, हे मला सुचलं नव्हतं. त्या घसा साफ करण्यावरून मला कळलं. कागदावर आता कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कमी करण्यासारखी फक्त पहिली ओळ होती. आणि ती माझ्याच हाताने करून हवी होती, म्हणजे ती त्यांनी कमी केली असं होणार नाही.

वजनकाट्यावर गाडी जास्त भरली तर मुकादम वाद घालत बसत नाही. "वरच्या उतरवा," एवढंच म्हणतो, आणि शेवटी चढवलेल्या गोण्या आधी खाली येतात. त्यांच्यातल्या कांद्याचा काही दोष नसतो.

मी म्हटलं, "माझे गुडघे हल्ली दुखतायत रे. मी विचार करतेय, मला नाही झेपणार."

माझे गुडघे ठणठणीत होते. त्याच सकाळी मी ट्रॅकच्या नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या होत्या. पण सुंठीवाचून खोकला गेल्यावर सुंठ कुठली म्हणून कोण विचारतो?

"अगं, मग डॉक्टरांना दाखवलंस का?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि त्या काळजीच्या खाली सुटकाही होती. आईला ऐकू येतं ते. "नक्की ना, आई?"

नक्की, मी म्हटलं.

एकदाच विचारलं त्याने. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा "नक्की नको ना मावशी?" असं दोनदा विचारतो. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत फोन कानाला धरून बसले. सून म्हणाली, "पुढच्या वेळी मात्र तुम्हाला सोडणार नाही हं, आई." मग नातीला जेवायला घालायचं होतं, त्यांनी फोन ठेवला. मला इतका राग आला की मी बूट उचलून बाल्कनीत फेकले. मग दुसऱ्या दिवशी फिरायला जायचं म्हणून उचलून आणले. राग त्यांचा जेवढा होता तेवढाच स्वतःचाही होता. खोटं बोलायची मला काय गरज होती? त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला हवं होतं. पण आई झाली की पोराची लाज आपणच झाकायची, ही खोड मरेपर्यंत जात नाही.

मी नवा कागद करून पाठवला. माणसं तीन. एक खोली, छोटी गाडी, सगळं लाखाच्या आत बसलं. बसून वर शिल्लक राहिली. मुलाने अंगठा पाठवला, फुलं पाठवली, आणि लिहिलं, "आई, तू ग्रेट आहेस." दोन दिवसांनी सुनेकडून कळलं, शिल्लक राहिली म्हणून त्यांनी हॉटेल बदललं. नदीकाठचं घेतलं.

ते गेले त्या दिवसांत नाशकात कडाक्याची थंडी होती. मी सकाळी ट्रॅकवर जात होते, शेजारीण रोज विचारत होती, "काय हो, तुम्ही जाणार होतात ना?" गुडघे, मी म्हणायचे, आणि तिच्या पुढे निघून जायचे.

एके संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मुलगा पुलावर उभा होता. मागे माणसांचा लोंढा, डोक्यावर ओझी घेतलेले हमाल. आमच्याकडचेच वाटत होते. "बघ आई, तुझा हावडा ब्रिज! घरबसल्या पाहिलास की नाही?" पाहिला, मी म्हटलं. फोन हलत होता, त्यामुळे पुलाचं लोखंड तेवढं दिसलं.

"आणि बाजार?" मी विचारलं.

"कुठला बाजार?"

"कांद्याचा. पुलाच्या पलीकडेच आहे म्हणतात."

"अगं, तिथे काय बघायचंय? कांदेच ना! आपल्याकडे कमी आहेत का?" तो हसला, सूनही हसली. नात मध्येच तोंड घालून म्हणाली, "आजी, इथे रसगुल्ले मातीच्या भांड्यात देतात!" तिच्यावर मात्र मला रागावता आलं नाही.

येताना माझ्यासाठी साडी आणली. लाल काठाची, पांढरी, सुंदर होती. सूनबाईंनी स्वतः निवडली होती आणि ती माझ्या खांद्यावर टाकून फोटोही काढला. मी हात फिरवला आणि सवयीने मनात हिशेब झाला. साडीची ओळ माझ्या बजेटात नव्हती. वरखर्चात ती बसण्यासारखी नव्हती. म्हणजे ती तुटीतून आली होती. गाडीत जे कमी पोचलं, ते भरून काढायला ठेवलेल्या पैशांतून. साडी कपाटात आहे, अजून घडी मोडलेली नाही.

हे सगळं मी विसरले असते. खरंच विसरले असते, इतकी मी काही खुनशी नाही. पण यंदा उन्हाळा तोंडावर आला तसा मुलाचा फोन आला. आवाज अगदी दसऱ्याच्या वेळचा. "आई, मे महिन्यात म्हैसूर करायचं म्हणतोय. सीझन आहे, म्हणून आधीच ठरवू. बजेट तेवढं तू करून दे. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. आणि या वेळी थांबायचं नाही हं, गेल्या वेळी तुझ्यामुळे थांबलो आणि सगळं महागात पडलं."

माझ्या हातात पेन होतं. फोन आला की पेन उचलायची जुनी सवय. समोर विजेच्या बिलाचं पाकीट पडलं होतं, त्याच्या मागच्या बाजूला मी टेकवलं आणि विचारलं, "माणसं किती?"

तिकडे त्याने घसा साफ केला.

"ते... तू बघ ना, आई. कसं बसतंय त्यावर."

"मी चार धरते," मी म्हटलं. माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "माझे गुडघे ठणठणीत आहेत. तेव्हाही होते. चौघांचं करते, आणि एकाला उतरवायचं झालं तर कुणाला उतरवायचं, ते या खेपेला तू तुझ्या तोंडाने सांग."

मागे नातीचं कार्टून तेवढं चालू होतं. मला वाटलं, आता बोलेल. काहीही बोलला असता तरी चाललं असतं. चिडला असता तरी चाललं असतं.

"राहू दे, आई," तो शेवटी म्हणाला. अगदी मऊ आवाजात. "तुला कशाला उगाच त्रास? मोबाईलवर होतं हल्ली बजेट. आम्हीच करतो."